फेरेट, टेरियर आणि लर्चर घेऊन सशांवर जायचं असेल तर : इंग्लंडमधल्या नवशिक्यांसाठी

फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी. तो सशाच्या बिळात सोडायचा, मग घाबरून बाहेर पडणारे ससे बिळाच्या तोंडावरच्या जाळ्यात अडकतात, आणि जे निसटतात त्यांना लर्चर नावाचा वेगवान कुत्रा पकडतो, असं हे काम. दर हिवाळ्यात कोणीतरी नवीन माणूस विचारतोच, फेरेट कुठला घेऊ, कुत्रा कुठल्या जातीचा घेऊ, जाळी किती लागतील. मी सगळ्यांना एकच सांगतो की खरेदी शेवटी करा, आधी हे समजून घ्या की या कामात तीन जनावरं आणि एक माणूस अशी टीम असते आणि त्या टीममध्ये सगळ्यात कमी कळणारा माणूसच असतो. जमिनीखाली ससा आहे की नाही हे तुम्हाला दिसत नाही, ऐकू येत नाही, वास येत नाही, कुत्र्याला येतो. त्यामुळे कुत्र्याने "आहे" म्हटलं की आहे आणि "नाही" म्हटलं की पुढे चालू पडायचं. मला हे कळायला दोन सीझन गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितोय.

मी पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये राहतो, रेताड जमीन, बांधाबांधाला बिळं. ज्या आजोबांकडून शिकलो ते आयुष्यभर गेमकीपर, म्हणजे जमीनदाराच्या शिकारीच्या रानाचे राखणदार होते, बोलायचे फार कमी आणि बिळाजवळ तर एक शब्द नाही, नुसती बोटाने खूण. ससा इथला मूळचा नाही बरं का, फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी मांसासाठी आणि कातडीसाठी पाळायला आणला, मग सुटला आणि देशभर पसरला. १९५३ मध्ये केंटमध्ये मिक्सोमॅटोसिस नावाचा सशांचा रोग आला आणि दोनेक वर्षांत देशातले जवळजवळ सगळे ससे मेले, १०० पैकी ९९ म्हणतात तसं, त्यातून जे वाचले त्यांची ही पिलावळ. नंतर ९० च्या दशकात आरएचडी नावाचा रक्तस्रावाचा रोग आला, अजूनही मधूनच एखादी जागा पूर्ण रिकामी होते. तरी जिथे आहेत तिथे गव्हाच्या कडेचा पट्टा कात्रीने कापल्यासारखा खातात आणि नवीन लावलेल्या रोपांची साल सोलून काढतात, त्यामुळे शेतकरी तुम्हाला हाकलून देणार नाही, उलट नीट वागलात तर दरवर्षी बोलावेल.

आधी कायद्याचं बोलू, कंटाळवाणं आहे पण इथे चूक झाली तर कुत्रा जप्त होऊ शकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या हंटिंग ॲक्टने कुत्र्याने जंगली सस्तन प्राण्याची शिकार करायला बंदी आहे, पण ससे आणि उंदीर यांना सूट आहे, अट एकच, जमीन तुमची असावी किंवा जमीनवाल्याची परवानगी असावी. परवानगी तोंडी असली तरी चालते पण मी नेहमी कागदावर घेतो, तारीख, शेताचं नाव, सही, आणि तो कागद गाडीत ठेवतो, कारण लर्चर घेऊन फिरणारा माणूस दिसला की गावातल्या लोकांना पहिला संशय हेअर कोर्सिंगचा येतो, पोलीस थांबवतात, आणि त्यांचंही बरोबर आहे, हेअरच्या मागे कुत्रे सोडणाऱ्यांनी शेतकऱ्यांना खूप छळलंय. हेअर म्हणजे साधा ससा नाही, मोठा, लांब कानांचा, कानाची टोकं काळी, बिळात न राहणारा, त्याच्यावर कुत्रा घालायचा नाही म्हणजे नाही. २०२२ पासून कोर्सिंगच्या शिक्षा बऱ्याच कडक झाल्यात. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी आहे, तिथल्या २०२३ च्या कायद्यात ससाही येतो, दोनपेक्षा जास्त कुत्रे चालत नाहीत आणि कुत्र्याने पकडून मारणं चालत नाही, त्यामुळे खाली मी लर्चरबद्दल जे सांगणार आहे ते सीमेच्या दक्षिणेलाच.

दुसरी गोष्ट बॅजरची, म्हणजे जमिनीत मोठी बिळं करून राहणाऱ्या काळ्यापांढऱ्या जंगली प्राण्याची. बॅजरच्या घराला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे आणि अडचण अशी की ससे खुशाल बॅजरच्या घरात भाडेकरू म्हणून राहतात. म्हणून बिळाचं तोंड बघायची सवय लावा. सशाचं बीळ वीतभरापेक्षा लहान, बॅजरचं त्यापेक्षा बरंच मोठं, उंचीपेक्षा रुंदी जास्त, इंग्रजी डी अक्षर आडवं पाडल्यासारखं, बाहेर बादल्या भरभरून माती उपसलेली, त्यात सुकं गवत आणि काळेपांढरे राठ केस. असं काही दिसलं की ना फेरेट, ना कुत्रा, ना फावडं. तिथे कितीही ससे असोत, सोडून द्यायचं.

आता फेरेट. दिसायला मुंगसाची आठवण येते पण हा पोलकॅट नावाच्या जंगली प्राण्याचा पाळीव वंशज, माणसाने शेकडो वर्षं याच कामासाठी पाळलेला. नराला हॉब म्हणतात, मादीला जिल, पिल्लांना किट. जिल पाऊण किलोच्या आसपास, हॉब दीड किलोपर्यंत जातो. सुरुवातीला दोन जिल घ्या, शक्यतो सख्ख्या बहिणी. लहान अंगाची जिल बिळात आणि जाळ्यात सहज सरकते आणि सशाला मारण्यापेक्षा हुसकावते जास्त, आपल्याला तेच हवं असतं. एकटा फेरेट पाळू नका, त्यांना अंगावर अंग टाकून झोपायला सोबत लागते.

जिल घेतली की एक जबाबदारी येते जी विकणारे बऱ्याचदा सांगत नाहीत. वसंतात ती माजावर येते आणि मीलन झालं नाही तर उन्हाळाभर माजावरच राहते, शरीरातलं इस्ट्रोजेन वाढत जातं, हाडातल्या मगजावर परिणाम होऊन रक्त बनणं कमी होतं आणि ती मरू शकते. व्हेटकडून हार्मोनचं इंजेक्शन किंवा इम्प्लांट, किंवा नसबंदी केलेला हॉब तिच्यासोबत सोडणं, यातलं काहीतरी करायलाच लागतं. माझ्या पहिल्या वर्षी मी "बघू पुढच्या आठवड्यात" करत राहिलो आणि ऑगस्टमध्ये जिलच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या दिसल्या तेव्हा पळालो, तिला नाही वाचवता आलं. त्याचं अजून वाईट वाटतं. मार्च लागला की व्हेटला फोन करा, बस. डिस्टेंपरची लस पण तेव्हाच विचारून घ्या, कुत्र्यांचा हा रोग फेरेटला झाला तर जगत नाही. आणि तुम्हाला फ्लू झाला असेल तर फेरेटपासून लांब राहा, आपला फ्लू त्यांना होतो.

खायला मांस, हाडांसकट, केसांसकट. जुने लोक दूध-पाव घालायचे, ते करू नका, फेरेटचं आतडं आखूड असतं, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर येतं, पाव त्याच्या काही कामाचा नाही. ससा, कबूतर, कोंबडीची पिल्लं, आणि ज्या दिवशी काही नाही त्या दिवशी फेरेटचं कोरडं खाद्य. पिंजरा सावलीत ठेवा, थंडी ते सोसतात पण ऊन नाही, तिशीच्या आसपास पारा गेला की जीव धोक्यात येतो.

हाताळणी हा वेगळा विषय आहे आणि यात घाई चालत नाही. किट सहा-आठ आठवड्यांची असल्यापासून रोज हातात घ्या. बोट पुढे करायचं नाही, बोट त्यांना खाऊ वाटतं, मूठ बंद करून पालथा हात पुढे करायचा, वास घेऊ द्यायचा, मग वरून नाही तर बाजूने हात घालून खांद्याभोवती धरायचं, अंगठा एका बाजूने हनुवटीखाली, एक पुढचा पाय दोन बोटांच्या मध्ये, दुसऱ्या हाताने मागचं अंग उचलून धरायचं. अशा धरण्यात फेरेट सैल पडतो, लोंबतो, जांभई देतो. घट्ट आवळलंत तर वळवळतो आणि चावतो. आणखी एक सवय आत्तापासून लावा, बागेत पाइपचे तुकडे ठेवून त्यात फेरेट सोडा, तो तोंडाशी आला की झडप घालू नका, हात जमिनीवर पसरून ठेवा आणि तो स्वतः हातावर चढेल तेव्हा उचला. हे का ते पुढे येईलच.

कुत्र्यांकडे येऊ. लर्चर ही जात नाही, संकर आहे. ग्रेहाउंड, व्हिपेट, सलूकी, डीअरहाउंड अशा नजरेने शिकार करणाऱ्या वेगवान कुत्र्याचा कोली किंवा टेरियरसारख्या डोकं चालवणाऱ्या कुत्र्याशी केलेला संकर. सशांसाठी आणि फेरेटच्या कामासाठी मला विचाराल तर बेडलिंग्टन-व्हिपेट, उंची खांद्यापाशी २० इंचांच्या आसपास, चटकन वळतो, वीस-तीस यार्डात पूर्ण वेग पकडतो, केस जरा राठ असल्याने काट्यात कातडी वाचते आणि बेडलिंग्टनमुळे नाकही येतं. सशाची धाव छोटी असते हे लक्षात घ्या, बिळापासून बिळापर्यंत, तिथे मोठ्या सलूकी क्रॉसचा दम वाया जातो, तो वळेपर्यंत ससा आत. कोली क्रॉस शिकायला सगळ्यात सोपा, पहिल्यांदाच कुत्रा पाळत असाल तर तोही चांगला.

टेरियरमध्ये बॉर्डर, लेकलँड, पॅटरडेल, जॅक रसेल, सगळे चालतात, पण कामाच्या आईबापाचं पिल्लू बघा, शोचं नको. टेरियरचं इथलं काम बिळात घुसणं नाही, झुडपात घुसणं आहे. नॉरफोकमध्ये ब्रॅम्बलची काटेरी झुडपं इतकी दाट असतात की माणूस आत हात घालू शकत नाही, ससे दिवसा त्यात पडून असतात, टेरियर खालून शिरतो, आत खसखस, एखादी कुईं, आणि ससा बाहेर पडतो तो थेट लर्चरच्या समोर. माझा बॉर्डर गुंड्या या कामात हिरा आहे, पण फेरेट बिळात गेला की त्याला मी दोरीने बांधून लांब बसवतो कारण त्याला गप्प बसवत नाही, आणि आवाज झाला की ससे बाहेर पडायच्या ऐवजी आतच दाबून बसतात. शांत टेरियर मिळाला तर नशीब समजा. टेरियर किंवा लर्चर यातला एकच परवडत असेल तर लर्चर घ्या, फेरेटसोबत त्याचा उपयोग जास्त.

कुत्र्याची फेरेटशी ओळख हा पाया आहे. पिल्लू दहा-बारा आठवड्यांचं असताना रोज फेरेटना खायला घालताना सोबत न्या, पिंजऱ्याबाहेर बसवा, काही बोलू नका, काही करू नका, नुसतं रोज. आठवडाभराने त्याला त्याचं कौतुक राहत नाही. मग फेरेट हातात घेऊन त्याच्या शेजारी बसा, फेरेटचं तोंड तुमच्याकडे आणि शेपटी कुत्र्याकडे, म्हणजे पिल्लाच्या नाकाला चावा बसणार नाही. हे जपायला हवं, कारण एकदा नाक चावलं गेलं की कित्येक कुत्रे ते आयुष्यभर विसरत नाहीत आणि संधी मिळाली की फेरेटला एका झटक्यात संपवतात. नंतर जमिनीवर फेरेट मोकळा आणि कुत्रा पट्ट्यावर, नंतर दोघं मोकळे. माझी लर्चर मैना हिच्या पायांमधून फेरेट जातो तेव्हा ती नुसता पाय उचलून वाट करून देते, मान वळवून दुसरीकडे बघते. इथपर्यंत यायला आम्हाला पाच महिने लागले. फेरेट आणि ससा एकदम बिळातून बाहेर येतात तेव्हा कुत्र्याला निवडायला अर्धा सेकंद असतो, त्या अर्ध्या सेकंदासाठी हे पाच महिने.

तसंच मेंढ्या आणि कोंबड्या. मेंढीच्या मागे गेलेल्या कुत्र्याला शेतकरी माफ करत नाही आणि कायदाही करत नाही. पिल्लू असताना लांब दोरीवर मेंढ्यांच्या कुरणातून रोज चालवा, बघितलं तरी नाव घेऊन लक्ष स्वतःकडे वळवा. हाक मारली की परत येणं, थांब म्हटलं की थांबणं, तारेवरून उडी मारणं आणि पकडलेला ससा जिवंत हातात आणून देणं, लर्चरला एवढं आलं की तो तयार. पण वर्षाचा होईपर्यंत खरी धाव देऊ नका, सांधे कच्चे असतात, वेगात वळताना खांदा किंवा मनगट गेलं की कुत्रा कायमचा लंगडा.

आता मार्किंग, म्हणजे बिळात ससा आहे हे कुत्र्याने सांगणं, माझ्या मते सगळ्या कामाचा जीव यात आहे. शिकवायचं असं. वॉरेन म्हणजे आतून जोडलेल्या सशांच्या बिळांचा समूह; ज्या वॉरेनमध्ये ससे नक्की आहेत अशा लहान, चार-पाच तोंडांच्या वॉरेनवर तरुण कुत्र्याला पट्ट्यावर न्यायचं, प्रत्येक तोंडाशी सावकाश वास घेऊ द्यायचा, उकरायला द्यायचं नाही. तो जिथे रेंगाळला तिथे थांबायचं, मग जाळी लावून फेरेट सोडायचा. ससा बाहेर आला की कुत्र्याच्या डोक्यात जुळतं, तो वास म्हणजे हा ससा. सात-आठ वेळा असं झालं की तो स्वतः सांगायला लागतो. जिथे ससा नाही तिथे उगाच "शोध शोध" करून त्याला भरीस पाडू नका, तुम्हाला खूश करायला तो खोटं मार्क करायला शिकेल आणि मग काही उपयोग राहत नाही.

प्रत्येक कुत्र्याची सांगायची पद्धत वेगळी. मैना एक पुढचा पाय उचलते, मान तिरकी, एक कान बिळाकडे, आणि शेपटीचं फक्त टोक थरथरतं. बीळ रिकामं असेल तर नाक घालते, फुस्स करते, पुढे. दुसऱ्या सीझनमध्ये एका बांधावर बारा-तेरा तोंडांचं वॉरेन होतं, ताज्या लेंड्या, उकरलेली माती, मी तर खूशच, पण मैना त्यावरून चालत गेली आणि थांबलीच नाही. मला वाटलं थकली असेल. पाऊण तास लावून सगळी जाळी लावली, जिल सोडली, ती एका तोंडातून आत गेली आणि दुसऱ्यातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत बसली. ससे रात्री तिथे चरायला येत होते, राहत नव्हते. तेवढ्यात मैना खालच्या चरात एका एकट्या बिळापाशी पाय उचलून उभी, गवताने झाकलेलं, मी दहा वेळा त्याच्यावरून गेलो असेन. तिथून चार ससे निघाले. त्या दिवसापासून मी तिच्याशी वाद घालत नाही.

प्रत्यक्ष दिवस. सीझन साधारण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, खरं काम पानं झडल्यावर आणि अंगाला आग आणणारी नेटलची झुडपं, फर्न सुकून बसल्यावर, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटापासून, नाहीतर अर्धी बिळं दिसतच नाहीत. दव गोठलेली शांत सकाळ उत्तम, जोराचा वारा आणि पाऊस असेल तर ससे बाहेर पडायला नाखूश असतात, घरी बसलेलं बरं. फेरेटना आदल्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जरा कमी खायला द्या, उपाशी ठेवू नका, उपाशी फेरेट खाली ससा मारून खात बसतो, पोट तुडुंब असलेला झोपतो. तोंड बांधायची जुनी पद्धत कोणी सांगितली तर ऐकू नका, खाली उंदीर किंवा स्टोट (फेरेटसारखाच छोटा जंगली शिकारी प्राणी) भेटला तर बिचाऱ्याला स्वतःला वाचवता येत नाही.

गाडी लांब लावा, दार हळू लावा. कुत्र्याने मार्क केलं की त्याला मागे बसवा आणि जाळी लावायला घ्या, वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूने, वॉरेनच्या माथ्यावर धपाधप न चालता. पर्स नेट म्हणजे साडेतीन-चार फुटांचं बटव्यासारखं जाळं, दोन टोकांना दोन कड्या, कडेने फिरणारी दोरी आणि दोरीला खुंटी. बिळाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसायचं, खालची कडी तोंडाच्या खालच्या ओठावर ठेवायची, वरची कडी वर, जाळं दोन्ही हातांनी पसरून कडा मातीत, गवतात हलक्या दाबायच्या, मध्ये थोडं सैल पोट सोडायचं म्हणजे फेरेट खालून सरकून जाऊ शकतो, आणि खुंटी वरच्या बाजूला घट्ट ठोकायची, ठोकायची म्हणजे टाचेने दाबायची, आवाज नको. ससा वेगाने आला की जाळ्यासकट पुढे जातो, दोरी ताणते, बटवा बंद. खुंटी ढिली असेल तर ससा जाळं घेऊनच पळतो. स्पन नायलॉनची जाळी सुरुवातीला ठीक, हेंपची (भांगेच्या झाडाच्या धाग्याची) हातात छान बसतात आणि जमिनीवर शांत पडतात पण ओली ठेवलीत की कुजतात. वीस-पंचवीस जाळी पुरतात. मोठं वॉरेन असेल तर सगळी तोंडं झाकायच्या मागे न लागता बांधाच्या बाजूने ५० यार्डांचं लाँग नेट उभं करा आणि राहिलेल्या बाजूला लर्चर.

तोंडं शोधताना गवताखालचं एक तरी सुटतंच, म्हणूनच लर्चर. त्याला वॉरेनपासून दहा-पंधरा पावलं मागे, जिथून सगळं दिसेल तिथे उभं करायचं. चांगला कुत्रा ससा खालून कुठे सरकतोय ते कानाने ऐकतो आणि स्वतःच जागा बदलतो, त्याला बदलू द्या. जाळ्यात पडलेल्या सशावर मात्र त्याने तोंड घालायचं नाही, हे आधीपासून शिकवा, नाहीतर जाळी फाटतील आणि दात अडकेल.

फेरेटच्या गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा घाला, बॅटरी नवी, रिसीव्हरशी जुळतंय का ते सोडायच्या आधी तपासा, पट्ट्याखाली करंगळी जेमतेम जावी इतका घट्ट. मग फेरेट बिळाच्या तोंडाशी ठेवायचा, ढकलायचा नाही. जिल अंग झटकते, नाक वर करते, शेपटीचे केस पिंजारले की समजा सशाचा वास लागला, आणि आत जाते. आता तुम्ही बिळांच्या मागे उभे राहा, समोर नाही, ससा तोंडाशी येऊन बाहेर बघतो आणि तुमचा बूट दिसला तर परत वळतो. गप्प उभं राहायचं. कधी दहा सेकंदात जमिनीखालून ढोल वाजल्यासारखा धडधड आवाज येतो, कधी वीस मिनिटं काहीच नाही.

ससा जाळ्यात आला की आधी पाय त्या तोंडावर, मागून दुसरा येत असू शकतो. मग जाळ्यातच सशाला नीट धरून मान मोडायची, मागचे पाय एका हातात, दुसऱ्या हाताची बोटं कानांमागे डोक्याभोवती, एकाच वेळी खाली ओढून डोकं मागे वळवायचं, एका क्षणात संपतं. हे मेलेल्या सशावर कोणा जाणत्याकडून शिकून घ्या आणि मगच जिवंत सशावर करा, अर्धवट ओढाताण करून जनावराला त्रास द्यायचा अधिकार आपल्याला नाही. मग जाळं परत लावा, लगेच.

फेरेट तोंडाशी आली की आता बागेतला पाइप आठवा. झडप घातलीत तर ती पुढच्या वेळी तोंडापर्यंत येते, तुमच्याकडे बघते आणि मागे सरकते, मग तासभर तुम्ही आणि ती. हात पसरून वाट बघा.

खूप वेळ काहीच नाही आणि रिसीव्हर एकाच जागी आवाज देतोय म्हणजे ती खाली ससा मारून बसलीय किंवा सशाला बोळात कोंडून खरवडतेय. अर्धा तास थांबा, मग खणा. रिसीव्हर आडवा-उभा फिरवून सगळ्यात जोराचा आवाज कुठे ते पक्कं करा, खोली बघा, आणि नेमकं डोक्यावर न खणता जरा बाजूने सुरू करा. शेवटचा फूटभर फावडं बाजूला ठेवून हाताने माती काढा, फेरेट वर बघायला येतोच आणि फावड्याचं पातं त्याला दिसत नाही. खड्डा नीट बुजवा, वर गवताचा थर परत बसवा, शेतातला एक उघडा खड्डा म्हणजे गायीचा पाय मोडला आणि तुमची परवानगी गेली.

मेलेल्या सशाचं मूत्राशय लगेच रिकामं करा, पोटावरून अंगठा खाली दाबत नेला की झालं. आतडी शेतातच काढली तर मांस चांगलं राहतं, मग मागच्या एका पायाच्या घोट्याजवळ चीर पाडून दुसरा पाय त्यातून ओवा आणि काठीवर हवेशीर लटकवा, पिशवीत गरम गरम ढीग घालू नका. यकृत बघायची सवय ठेवा, पांढरे ठिपके असतील किंवा डोळे, कान सुजलेले असतील तर तो ससा माणसाच्या ताटात नको. सशाच्या आतड्याजवळ पाण्याच्या मण्यांसारख्या गाठी दिसतात, त्या कुत्र्यांच्या पट्टकृमीच्या असतात, म्हणून कच्ची आतडी कुत्र्याला घालू नका आणि जंताचं औषध वेळेवर द्या.

फेब्रुवारी संपत आला की थांबा. माद्या गाभण असतात, बिळात पिल्लं असतात, फेरेट पिल्लांच्या घरट्यात शिरला की बाहेर येत नाही, आणि खाली काय होतं ते बघण्यासारखं नसतं.

निघताना जाळी मोजा, लावताना किती लावली ते लक्षात ठेवून, कारण विसरलेल्या जाळ्यात रात्री काहीतरी अडकून तडफडतं. फेरेट पेटीत, कोरड्या पेंढ्यावर, सशाचा एक पाय देऊन. कुत्र्याचे चारही पंजे बोटं फाकवून बघा, काटे, फाटलेली नखं, आणि काटेरी तारेच्या जखमा छातीवर आणि मांडीच्या आत असतात, केसांखाली दिसत नाहीत, हात फिरवून शोधायच्या. मैनाला घरी आल्यावर टॉवेलने पुसून चुलीजवळ घोंगडीवर झोपवतो, मग जाळी अंगणातल्या दोरीवर पसरतो आणि त्यात अडकलेल्या काड्या एकेक करून काढत बसतो.